देव नळदुर्गात होता

शंभुलिंग बिराजदार कॉम्प्युटरवरचं काहीही पुसण्याआधी मोठ्यानं दोन प्रश्न विचारतो. "मी कुठं हाय?" आणि "देव कुठं हाय?" खोलीत दुसरं कुणी नसलं तरी विचारतो. उत्तरंही स्वतःच देतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

उमरग्यात हैदराबाद रोडवर त्याच्या वडिलांचं, महांतप्पाकाकांचं, ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. दुकानाच्या वर पत्र्याची खोली. जिना लोखंडी. खाली दिवसभर हातोडे चालतात, वर पंखे. शंभू लातूरला डिप्लोमा शिकला, पुण्यात काही वर्षं नोकरी केली आणि परत आला. पुण्यातल्या लहान कंपन्यांचे सर्व्हर तो आता या खोलीतून सांभाळतो. कुणाची वेबसाइट, कुणाची मेल. सगळं चालू असतं तेव्हा त्याची कुणाला आठवण होत नाही. बंद पडलं की सगळे एकदम फोन करतात.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो. काम मिळेपर्यंत त्याच्या खोलीत जाऊन पुस्तक वाचत बसायचो. त्याचं काम बघून बघून थोडं कळायला लागलं. आल्या आल्या तो डिस्कवर किती जागा उरली ते बघतो. कुठला प्रोग्रॅम बंद पडला ते बघतो. आदल्या दिवशीची प्रत उघडते का ते बघतो. सगळं लिनक्सवर. लांबच्या देशांतल्या लोकांनी लिहून फुकट देऊन टाकलेली सॉफ्टवेअरं. बिघडली तर तक्रार करायला दुकान नाही. आपणच वाचायचं, आपणच शोधायचं.

एकदा त्यानं मला सर्व्हरची नोंद दाखवली. पडद्यावर ओळी पळत होत्या. प्रत्येक ओळ म्हणजे आत शिरायचा कुणीतरी केलेला प्रयत्न.

"कोण आहेत हे?" मी विचारलं.

"माणसं न्हायत. यंत्रं हायत. जगभर फिरत्यात. दार दिसलं की कडी हलवून बघत्यात."

"उमरग्यातलं दार?"

"त्यांना काय उमरगा अन् काय अमेरिका. भ्यायलास का?"

मी नाही म्हणालो. घरी गेल्यावर कडी लावलीय का ते दोनदा बघितलं.

त्या खोलीत एक काम पोटापाण्याचं नव्हतं. माकणीच्या धरणातून पाणी सोडायचं ठरलं की नदीकाठच्या घरांना फोन करायचं. सरकारी भोंगा आहे. दवंडीही देतात. पण वारा उलटा असला तर भोंगा शेतात ऐकू येत नाही, आणि दवंडी गावात होते, नदीत नाही. पाणी येणार म्हटलं की शेतकरी नदीवरची मोटार काढायला खाली उतरतो. वेळेवर कळलं तर मोटार, जनावरं, माणूस सगळं वर येतं. उशिरा कळलं तर तो नेमका पाण्याच्या तोंडाशी असतो. उमरग्यातल्या काही डॉक्टरांनी आणि दुकानदारांनी मिळून मंडळ काढलं. यंत्रं शंभूकडं दिली.

यंत्रं म्हणजे कॉलेजच्या लॅबमधून भंगारात निघालेले दोन कॉम्प्युटर, आणि फोन लावणारा एक डबा. डब्यात ओळीनं सिमकार्डं. फोनवर बोलणारा आवाज शंभूच्या आईचा, रुद्रम्माकाकूंचा. आधी मराठीत, मग कानडीत. "पाणी सोडणार आहेत. नदीत उतरू नका. जनावरं वर घ्या." काठावरची माणसं त्याला रुद्रम्माचा फोनच म्हणायची.

दोन कॉम्प्युटरांना शंभूनं नावं दिली होती. एक अणदूर, एक नळदुर्ग. त्यांच्या घरचं दैवत खंडोबा. काकू मैलार म्हणतात. अणदूरच्या आणि नळदुर्गच्या देवळांत देव एकच. वर्षातला बहुतेक काळ तो अणदूरला राहतो, थोडा काळ नळदुर्गला. पालखीतून जातो, पालखीतून येतो. एका ठिकाणी असला की दुसऱ्या ठिकाणी नाही. शंभूच्या यंत्रांचंही तसंच होतं. चालू माहिती कुठल्या तरी एकाच यंत्रावर. तो तिला देव म्हणायचा. दुसऱ्यावर नुसती आदल्या दिवशीची प्रत. देव बहुतेक अणदूरलाच असायचा. ज्या यंत्रात देव, त्याच्या कपाळावर भंडाऱ्याचं बोट. देव हलवला की जुनं बोट पुसायचं, नवं लावायचं.

"डोळ्यांना लगेच दिसतं," तो म्हणायचा. "नावं वाचण्यात चूक हुती. पिवळं बघण्यात हुत न्हाय."

माहितीत नुसते नंबर नव्हते. प्रत्येक घराचा आवाज होता. नाव लिहून घेताना माणूस स्वतःच्या तोंडानं सांगायचा, मी कोण, कुठं राहतो, घरात किती माणसं, खाली उतरायची वाट कुठली. कुणी अडकलं तर शोधायला जाणाऱ्याला ते ऐकता यावं म्हणून. गावच्या बैठकीत लोकांनी एक अट घातली होती. आमचं बोलणं बाहेर कुठं ठेवू नका. शंभूनं कबूल केलं. म्हणून तिसरी प्रत कुठंच नव्हती.

यंदा सप्टेंबरमध्ये आम्ही नदीकाठी फेरी काढली. अगदी खालच्या बाजूची, शेतात राहणारी घरं अजून घ्यायची होती. पहिल्याच दिवशी शंभू भिजला आणि तापानं पडला. पुढची घरं मी आणि शिवप्रसादमामांनी केली. मामा माकणीचे, कालव्यावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. धरणावरचा निरोप तेच आम्हाला कळवतात.

लिंबाजी आणि हरणाबाई हे म्हातारं जोडपं त्या फेरीत भेटलं. नदी आणि ओढा यांच्या बेचक्यात त्यांचं रान. मधोमध पत्र्याचं घर. म्हातारा बोलका होता. मी फोन त्याच्या तोंडापुढं धरला तर लांब सरकला.

"चावंल का?" त्यानं विचारलं.

"फक्त बोला काका. नाव सांगा."

"नाव तर तुला मगाशीच सांगितलं की. बहिरा हायस का?"

हरणाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांचा एकच साधा बटणाचा फोन. तो घरात खुंटीला पिशवीत लटकलेला. मी नंबर घेतला, आवाज घेतला, निघालो. चिखलातून रस्त्यावर यायला बराच वेळ लागला. मागं वळून बघितलं तर घर दिसत नव्हतं, नुसतं पाणी चमकत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शंभू तापातून उठून पहिल्यांदा खोलीत आला. गालफडं बसली होती. गळ्याला काकूंनी मफलर गुंडाळला होता. तो खुर्चीत बसला न बसला तोच शिवप्रसादमामांचा फोन आला. शंभूनं स्पीकर लावला.

"शंभू, वर लई पाऊस झालाय. दुपारी गेट उघडणार हायत. निरोप आलाय. सोड तुझा फोन."

"सोडतो मामा."

त्यानं हुकूम टाइप केला. पडद्यावर तांबडी ओळ आली. त्यानं पुन्हा केला. पुन्हा तीच.

"जागा न्हाय म्हणतंय," तो म्हणाला. "नळदुर्गची डिस्क भरली. तिथं प्रत जाईना, म्हणून सगळं अडकलंय."

"मग?"

"जुनी प्रत उडवायची. नेहमीचंच हाय."

तो नळदुर्गमध्ये शिरला. पुसायची ओळ लिहिली. बोट वर धरून मोठ्यानं विचारलं.

"मी कुठं हाय? नळदुर्ग. देव कुठं हाय?"

त्यानं टेबलाखाली बघितलं. मीही बघितलं. अणदूरच्या कपाळावर भंडारा होता.

"अणदूर," तो म्हणाला आणि बटण दाबलं.

मग पुन्हा फोनचा हुकूम दिला. तांबडी ओळ. जागा नाही.

"पुसलं तरी जागा का न्हाय?" तो स्वतःशी पुटपुटला. अणदूरमध्ये गेला. माहिती उघडली. शेवटच्या नावावर आला आणि थांबला. मान पुढं नेऊन तारीख वाचली. तव्यावर पडल्यासारखा त्याचा हात की-बोर्डवरून उचलला गेला.

"काय झालं?"

तो तारीख पुन्हा वाचत होता.

"शंभू, काय झालं?"

"देव नळदुर्गात हुता," तो म्हणाला.

त्यानं फोनवरचे जुने निरोप काढून दाखवले तेव्हा मला कळलं. तापात पडला होता तेव्हा अणदूरची डिस्क खराब होत असल्याची सूचना त्याच्या फोनवर आली होती. त्यानं अंथरुणातूनच, फोनवरून, देव नळदुर्गला हलवला होता. खराब डिस्कवर रोजची प्रत पाठवणं बंद केलं होतं. नवी डिस्क मागवली होती. सगळं बरोबर केलं होतं. फक्त भंडारा लावायला तो खोलीत नव्हता. आणि ताप उतरल्यावर त्या संध्याकाळचं त्याला काहीच आठवत नव्हतं.

अणदूरवर जे होतं ते त्या संध्याकाळपर्यंतचं. नंतर मी आणि मामांनी केलेल्या घरांतलं एकही नाव त्यात नव्हतं.

"लिंबाजीकाकांचं?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.

"त्यांचा नंबर माझ्याकडं..." मी फोन काढला. माझ्याकडं नव्हता. मी तो तिथल्या तिथं सरळ सर्व्हरवर टाकला होता. आम्ही सगळे तसंच करत होतो.

मला त्या घराभोवतीचं पाणी दिसायला लागलं. खुंटीवरची पिशवी दिसली. मी उठलो.

"हलू नको," शंभू ओरडला. "कशाला हात लावू नको. वायरवर पाय देऊ नको."

मी तसाच उभा राहिलो. तो पडद्याकडं बघत होता. 

"पुसलं अन् तरी जागा मोकळी झाली न्हाय," तो हळू म्हणाला. "म्हणजे कुणीतरी अजून ती फाइल धरून बसलंय."

"कोण?"

"फोन लावणारा प्रोग्रॅम. सकाळधरनं त्यानं ती उघडून ठेवलीय. लिनक्समध्ये पुसलं की आधी नाव जातं. पण चालू प्रोग्रॅमनं फाइल धरलेली असली तर ती जात न्हाय. त्यानं सोडली की गेली."

"मग त्यालाच सांग ना फोन लावायला."

"तो अडकलाय. त्याला जागा करून दिली तर तो फाइल नव्यानं उघडाया जाईल. नाव दिसणार न्हाय. हातातलं सोडून देईल."

"आणि यंत्र बंद पडलं तर?"

"मग फाइलबी गेली." बाहेर वारा सुटला होता. पत्रा वाजत होता.

त्यानं लॅपटॉप केबलनं नळदुर्गला जोडला. एकेक अक्षर दाबत होता, दाबलेलं पुन्हा वाचत होता. नाव नसलेल्या त्या फाइलकडं जायची एक वाट असते. प्रोग्रॅमच्या हातात काय काय आहे, हे लिनक्स एका कोपऱ्यात दाखवतं. तिथून ती उचलायची आणि लॅपटॉपवर आणायची. एवढे आवाज होते की फाइल मोठी झाली होती. केबल जुनी होती. पडद्यावर किती आली त्याचा आकडा हळूहळू वाढायला लागला.

शंभू टेबलाच्या काठाला धरून बसला. मी आकडा बघत होतो. तो वाढायचा, थांबायचा. 

मामांचा पुन्हा फोन आला.

"काय करायलाव रे तुमी? कुणालाच फोन आला न्हाय म्हणत्यात. माणसं मला विचारायलीत."

"मामा, थोडं..." शंभू म्हणाला. "मामा, गडबड झालीय. तुम्ही जमंल तेवढ्यांना तोंडी सांगा. खालच्या अंगाला आधी."

"मी एकटा कुठं कुठं जाऊ? ओढ्याला पाणी हाय. पलीकडं जाता येईना."

"लिंबाजी ओढ्याच्या पलीकडं हायत ना?"

"त्यांचंच म्हणायलाव मी."

फोन ठेवला आणि लाइट गेली.

पंखा थांबला. टेबलाखालचा यूपीएस ओरडायला लागला. शंभूनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"बॅटरी किती वेळ चालेल?" मी विचारलं.

"जुनी हाय. टिकत न्हाय. पळ. खाली इन्व्हर्टर हाय. वायर आण. पळ, योग्या!"

मी जिन्यावरून कसा उतरलो मला माहीत नाही. दुकानात महांतप्पाकाका एका ड्रायव्हरशी ब्रेकच्या पार्टवरून वाद घालत होते.

"काका, इन्व्हर्टरचा प्लग पाहिजे. वर."

"बस की. चहा घे. भूत बघितल्यावाणी दिसायलास."

"काका, आत्ता."

काकांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग काही विचारलं नाही. "सगळे पंखे बंद करा," ते ओरडले. "दिवे बंद. टीव्ही बंद." मिस्त्रीच्या हातातला जाळीचा दिवा हिसकावून त्याची लांब वायर त्यांनी माझ्याकडं फेकली.

"अंधारात मला माल कळंल का?" ड्रायव्हर म्हणाला.

"तुला उजेडात तरी कुठं कळतोय," काका म्हणाले. "थांब गप."

वायर जिन्यापर्यंत आली आणि संपली. काकांनी दुसरी, टोकाला बोर्ड असलेली, जोडली. मी ती ओढत वर नेली. यूपीएसचा आवाज आता भरभर येत होता.

"भिंतीतला प्लग काढ अन् ह्यात घाल," शंभू म्हणाला. त्यानं मागं बघितलं नाही.

"काढताना बंद पडलं तर?"

"काढ."

"शंभू..."

"काढ रे!"

मी डोळे मिटून काढला. नव्या बोर्डात घातला. पहिल्यांदा बसला नाही. मग बसला. यूपीएस गप्प झाला. मी डोळे उघडले. आकडा पुढं सरकत होता.

 आकडा भरेपर्यंत मी पायाखालची वायर धरून जमिनीवर बसलो होतो. कुणी जिन्यावर आलं तर तिला पाय लागेल असं मला वाटत होतं.

आकडा भरला. शंभूनं फाइल उघडली. शेवटची नोंद वाजवली. वाऱ्याचा आवाज आला, मग लिंबाजींचा. "नाव तर तुला मगाशीच सांगितलं की. बहिरा हायस का?" शंभूचे डोळे भरले. त्यानं बाहीनं पुसले आणि लगेच कामाला लागला. नळदुर्गमधली फुगलेली नोंद रिकामी केली. ती कड्या हलवणाऱ्या यंत्रांच्या ओळींनी भरली होती. देव तिथं म्हणून ती यंत्रंही तिथंच. फाइल तिच्या जागी ठेवली. प्रोग्रॅम नव्यानं सुरू केला.

डबा चालू झाला. पडद्यावर नावं हिरवी व्हायला लागली. फोन उचलला की हिरवं. एक, मग दुसरं, मग भराभरा. खालून काकांनी हाक मारली, "झालं का रे?" 

मामांचा फोन आला. "गेट उघडलं. आता यायला लागलेत तुझे फोन. उशीर केलास बाबा."

"मामा, पाणी खाली पोचायला वेळ हाय ना?"

"हाय थोडा. लई न्हाय."

लिंबाजींचं नाव पिवळंच होतं. वाजतोय, उचलत नाहीत. डब्यानं पुन्हा लावला. पुन्हा पिवळं. शंभूनं स्वतःच्या फोनवरून लावला. वाजत राहिला. त्यानं पुन्हा लावला.

"हॅलो?" हरणाबाईंचा आवाज.

"मावशी, मी उमरग्याहून बोलतोय. पाणी सोडलंय. काका कुठं हायत?"

"कोण?"

"मावशी, पाणी सोडलंय! लिंबाजीकाका कुठं हायत?"

"ते व्हय? मोटार काढाया गेलेत खाली. नदी चढायली म्हणले. मी शेरडं बांधत हुते."

"त्यांना वर बोलवा. मोटार राहू द्या. पळा मावशी!"

फोन बंद केला नाही त्यांनी. पळायचा आवाज आला. चिखल. धाप. मग त्या ओरडल्या. "आवं! आवं, वर या! सोडा ती मोटार! आवं!" वारा आला. पुन्हा "आवं!" असं ऐकू आलं, पण लांबून, फोन कुठंतरी खाली पडल्यासारखं. मग पाण्याचा आवाज की वाऱ्याचा, ते कळेना. मग काहीच नाही.

शंभूनं परत लावला. फोन बंद होता.

डबा फोन लावत होता. नावं हिरवी होत होती. शंभू त्या एका पिवळ्या ओळीकडं बघत बसला. मला तिच्याकडं बघवत नव्हतं, आणि दुसरीकडंही बघवत नव्हतं.  

रुद्रम्माकाकू ताट घेऊन वर आल्या. "मगा, ऊट माडु," त्या म्हणाल्या. जेव बाळा. त्यांना काही माहीत नव्हतं. शंभू ताटाकडं बघत राहिला.

दुपार कलली तेव्हा मामांचा फोन आला. शंभूनं तो माझ्या हातात दिला. मला म्हणाला, तू घे.

"हायत," मामा म्हणाले. "दोघंबी हायत. पलीकडच्या चढावर बसलेत शेरडं घेऊन. मी अलीकडनं हाका मारल्या. मोटार गेली. म्हातारा अजून तिलाच शिव्या देतोय."

मी शंभूला सांगितलं. त्यानं मान हलवली. मग जिन्यात जाऊन ओकला.

त्यानंतर तो कामावर बसला, पण पहिल्यासारखा नाही. पुण्याच्या एका कंपनीची मेल अडकली. त्याला कारण लगेच सापडलं. हुकूमही लिहिला. दोन्ही प्रश्न विचारले, दोन्ही उत्तरं दिली. पुन्हा विचारले. मग मला म्हणाला, "योग्या, तू दाब."

"मी?"

"दाब की. बरोबर हाय ते."

"बरोबर आहे तर तू दाब."

त्यानं बोट पुढं नेलं आणि मागं घेतलं. मी दाबलं. असं बरेच दिवस चाललं. भंडाऱ्याचं बोट त्यानं पुसून टाकलं. आता नुसतं यंत्र सांगतं देव कुठं आहे ते, आणि त्याचा त्यावरही विश्वास नाही. मंडळाच्या बैठकीत त्यानं उभं राहून काय झालं ते सगळं सांगितलं. कुणी रागावलं नाही. कुणी म्हणालं, यंत्र आहे, चालायचंच. त्याला रागावलेलं बरं वाटलं असतं.

बाजाराच्या दिवशी लिंबाजी जिना चढून वर आले. धोतर गुडघ्यापर्यंत खोवलेलं. खोलीत सगळीकडं बघितलं.

"त्या फोनवाल्या बाई कुठं हायत?" त्यांनी विचारलं. "रुद्रम्मा का कोण?"

"काय काम होतं काका?" मी म्हणालो.

"आजारी हुत्या का म्हणलं. गावातली म्हणत्यात, ती बाई लई वेळेवर फोन करती. आमची पहिलीच वेळ, अन् आमालाच उशीर."

"त्या आजारी नव्हत्या," शंभू म्हणाला. तो उभा राहिला होता. "चूक माझी झाली काका. मी तुमचा नंबर पुसला. चुकून. परत मिळवीपर्यंत उशीर झाला."

लिंबाजी त्याच्याकडं वळले.

"कमरंएवढ्या पाण्यात हुतो मी," ते म्हणाले. "मोटारीचा बोल्ट निघंना. ही वरून वरडायली. मी म्हणलं वरडू दे, रोजच वरडती. मग तिचा आवाज येगळा वाटला."

त्यांनी गुडघ्यावरचं धोतर सारखं केलं.

"परत सोडणार हायत म्हणं पाणी. तवा येईल ना फोन?"

मला वाटलं शंभू हो म्हणेल. कुणीही म्हणालं असतं.

"मी पुरा प्रयत्न करीन," तो म्हणाला. "पण येईलच असं तुम्हाला सांगत न्हाय. फोनवर भरवसा ठेवून तिथं राहू नका काका."

"मग नंबर कशाला घेतला?" लिंबाजींचा आवाज चढला. "फोन येणार हाय म्हणून तर मी निवांत हुतो. न्हायतर पाणी चढायला लागल्यावर खाली उतरलो असतो व्हय? मला काय जिवाचा कंटाळा आलाय?"

शंभूच्या तोंडावर ते बसलं. मी बघितलं. त्यानं खुर्चीची पाठ धरली.

"घर वर घ्या," तो म्हणाला. "चढावर. मी येतो. वडिलांचा टेम्पो हाय."

"पत्रे काढायचे, खांब काढायचे. सोपं हाय का?"

"आम्ही दोघं येतो."

लिंबाजींनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातांकडंही. "ह्याला पत्रा उचलंल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. ओढ्याचं पाणी उतरलं होतं. टेम्पो अलीकडं लावला आणि दिवसभर पत्रे, खांब, भांडी, शेरडं चढावर नेली. शंभू थोड्या थोड्या वेळानं खिशातला फोन काढून रेंज बघायचा. आभाळाकडं बघायचा. नदीकडं पाठ करून त्याला उभं राहता येत नव्हतं. मलाही नाही.

हरणाबाई चढावर चूल मांडत होत्या.

"लगीन झाल्यापासून म्हणायले मी, वर ऱ्हाऊ, वर ऱ्हाऊ," त्या म्हणाल्या. "माझं कधी ऐकलं न्हाय. ह्या पोराचं यंत्र चुकलं, तवा ऐकलं."

"तू काय रोज एकच सांगती व्हय?" लिंबाजी पत्रा टेकवत म्हणाले. "त्यातलं कुठलं ऐकायचं ते कसं कळावं माणसाला?"

शंभू हसला नाही. त्यानं शेवटचा खांब खड्ड्यात उभा केला, दोन्ही हातांनी हलवून बघितला. मग पुन्हा हलवून बघितला.